जनावरं फिरवणाऱ्या टेंभरे मॅडम

टेंभरे मॅडमचं जनावरांवर प्रेम होतं की नव्हतं, हे मला आजही ठामपणे सांगता येत नाही. जनावरांच्या डॉक्टर होत्या त्या. सडक अर्जुनीच्या दवाखान्यात बरीच वर्षं काढली. अडलेल्या म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून रेडकू ओढून काढताना मी त्यांना पाहिलंय. पण एखाद्या कुत्र्याला त्यांनी चुचकारून जवळ बोलावलंय, असं कधी दिसलं नाही. जनावर समोर आलं की त्या त्याच्याकडे अर्धी पाठ करून उकिडव्या बसायच्या आणि भलतीकडेच बघत राहायच्या. आलं तर आलं, नाही तर उठून पदर झटकायच्या आणि म्हणायच्या, "नाही म्हणते तो. उद्या पाहू."

मी तेव्हा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होतो. राहायला फुलचूरला, नोकरी सडक अर्जुनीला, येणंजाणं एसटीनं. दवाखान्याचा फोन वरचेवर बंद पडायचा. असाच एकदा दुरुस्तीला गेलो, तर त्यांच्या टेबलावर सिरिंज आणि औषधाच्या बाटल्यांच्या मधोमध हिरव्या रंगाचा एक खडा पडलेला. त्याला खूप पैलू होते आणि प्रत्येक पैलूवर आकडा. मला वाटलं गुरांच्या पोटात घालायचं काहीतरी असेल.

"फासा आहे," मॅडम म्हणाल्या. "रविवारी मोकळे असता का?"

मी हो म्हणालो. का म्हणालो, हेही मला नीट कळलं नाही.

मॅडम नागपूरला शिकायला होत्या तेव्हा होस्टेलमधल्या मैत्रिणीच्या भावानं परदेशातून हा खेळ आणला होता. मैत्रीण लग्न होऊन गेली, खेळ मॅडमकडे राहिला. या खेळात एक जण गोष्ट चालवतो. बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात आणि आपण काय करतो ते तोंडानं सांगतात. जमतं की नाही, ते फाशावर ठरतं. एवढंच. पण गोष्टीतल्या प्रत्येक माणसाबरोबर एक जनावर असलंच पाहिजे, हा मॅडमचा स्वतःचा नियम होता.

आम्ही तिघं खेळाडू होतो. हायवेवर ढाबा चालवणारे कटरे भाऊ, बसस्टँडसमोर मेडिकल असलेले अग्रवालजी आणि मी. जमायचो दवाखान्यामागच्या मॅडमच्या क्वार्टरमध्ये, दुपारचं जेवण झाल्यावर. लसीकरणाच्या जुन्या पोस्टरची कोरी बाजू वर करून त्यावर नकाशा काढलेला असायचा. धानाचा कोंडा पसरला की जंगल झालं. इंजेक्शनच्या बाटल्यांची रंगीत झाकणं म्हणजे आम्ही आणि आमची जनावरं. गोष्टीत आम्ही एका गावच्या तलावाचे राखणदार होतो. कटरे भाऊंकडे कारी नावाची अस्वलीण, अग्रवालजींकडे धनेश पक्षी आणि माझ्याकडे मुंगूस. मुंगूस मी का घेतलं, तेही आता आठवत नाही. घरी बायको विचारायची, रविवारीसुद्धा कुठं चाललात? मी खरं ते सांगायचो, मुंगसाकडे. तिनं पुढं विचारणं सोडून दिलं.

पहिले काही रविवार मजेत गेले. मग मॅडमनी गोष्टीत खलनायक आणला.

तो एक गोसावी होता. त्याच्याकडे तलवार नव्हती, फौज नव्हती. त्याला तलावाची पाळ फोडायची होती आणि तो जंगलात एका मोहाच्या झाडाखाली नुसता बसून होता. आम्ही तिघं त्याला धरायला गेलो. इथं मॅडमची एक गंमत सांगितली पाहिजे. एरवी त्या फटकळ. शेतकऱ्याला तोंडावर म्हणायच्या, बैल तुझ्यापेक्षा हुशार आहे, त्याला विचारून येत जा. पण त्यांचा खलनायक बोलायला लागला की आवाज मऊ व्हायचा आणि 'आपण' सुरू व्हायचं.

"आपण दमून आलात," गोसावी म्हणाला. "आपल्या अस्वलाला मी थोडा मध देऊ का?"

कटरे भाऊ म्हणाले, "दे ना, कोण नाई म्हनते."

कारीनं मध खाल्ला, गोसाव्याच्या पायाशी बसली आणि उठेचना. मग धनेश त्याच्या खांद्यावर गेला. मुंगूस माझ्याकडे बघून दात दाखवायला लागलं. पुढच्या अर्ध्या तासात आमच्याच जनावरांनी आम्हाला जंगलाबाहेर हाकललं.

कटरे भाऊ चिडले. "हे बरोबर नाई मॅडम. मी तिले येवढे दिवस पोसून राहिलो."

"काय पोसलं? सांगा."

"म्हंजे?"

"एवढ्या रविवारांत तुम्ही एकदा तरी म्हणालात का, मी कारीला खायला देतो?"

कटरे भाऊंनी आमच्याकडे पाहिलं. आम्ही नकाशाकडे पाहिलं.

"आता खेळात खाऊ घालाचं बी बोला लागते का?"

"बोललं नाही तर झालं नाही," मॅडम म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या.

पुढच्या रविवारी आम्ही जनावरं परत मिळवली, आणि त्यानंतर आमचा खेळ म्हणजे गोठा झाला. अग्रवालजी आल्या आल्या सुरू करायचे, "मॅडम, धनेश को फल खिलाया, पानी पिलाया, चोंच साफ की, अब पंख देख रहा हूँ।" मी मुंगसासाठी अंडी आणायचो. कटरे भाऊंनी तर कारीसाठी गुहेत पेंढा अंथरला. तलाव कोण राखतंय याची कुणाला आठवण राहिली नाही. मॅडम सगळं शांतपणे ऐकून घ्यायच्या. हसायच्या की नाही, ते सांगता यायचं नाही. ओठ मिटलेले असायचे.

आणि आठवडाभर त्या नव्या खलनायकाची तयारी करायच्या. दवाखान्यात आलेल्या माणसाला मधूनच विचारायच्या, "ही म्हैस घरात सगळ्यात जास्त कोणाचं ऐकते? का ऐकते? त्याच्याकडून तोडायची म्हटली तर कशी तोडाल?" माणूस गोंधळून बायकोकडे बघायचा. हे प्रश्न पुढे किती महागात पडणार होते, ते त्यांना कळलं नाही, मलाही नाही.

दुसरा खलनायक म्हणजे एक म्हातारी. तिनं जनावरांना काही दिलं नाही. ती कारीजवळ गेली, बाजूला बसली आणि म्हणाली, "आपल्या आईला कोणी मारलं, आपल्याला ठाऊक आहे का?"

मला आधी काही कळेना. मग आठवलं. अगदी पहिल्या रविवारी, खेळ शिकताना, कटरे भाऊंनी एका अस्वलिणीला भाल्यानं मारलं होतं. फासा चांगला पडला म्हणून आम्ही टाळ्यासुद्धा वाजवल्या होत्या. तिच्यामागं झुडपात पिल्लू सापडलं, तीच कारी. ते आम्ही सगळेच विसरलो होतो. मॅडम विसरल्या नव्हत्या.

कटरे भाऊ नकाशावर वाकले. मोठा माणूस, ढाब्यावर दारू पिऊन आलेल्या ड्रायव्हरला एका हातानं बाहेर काढणारा. ते हळूच म्हणाले, "मले मालूम नव्हतं ना ते तिची माय होती म्हून."

"तिला ते सांगा," मॅडम म्हणाल्या.

कटरे भाऊंनी सांगायचा प्रयत्न केला. कारीच्या काळ्या झाकणाकडे बघून दोन वाक्यं बोलले. मॅडमनी फासा टाकला नाही, नुसती मान हलवली. कारी म्हातारीबरोबर निघून गेली. कटरे भाऊ उठले, चपला घातल्या आणि परत आले नाहीत. त्या रविवारी नाही, पुढच्याही नाही.

मी मॅडमना विचारलं, "तुमचे सगळे खलनायक आमची जनावरंच का फोडतात?"

"फौज घेऊन येणाऱ्याचा कंटाळा येतो, बोरकर. मारलं की संपलं."

तेच अग्रवालजींनी विचारलं तेव्हा त्यांना वेगळंच उत्तर मिळालं. लहानपणी घरचा एक बैल बाजारात विकला होता, आठवड्यानं तो नव्या मालकाच्या बंडीला जुंपलेला दिसला आणि त्यानं ओळखच दाखवली नाही. अग्रवालजींनी मला हे सांगितलं तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. पुढे गोंदियाच्या बाजारात मॅडमचे भाऊ भेटले. मी सहज त्या बैलाचं काढलं. ते म्हणाले, "बैल? आमचे वडील मास्तर होते. आमच्याकडं एक मांजर होती, बस. आणि तिला वसुधा आवडत नव्हती."

"मॅडमना मांजर आवडत नव्हती?"

"नाही. मांजरीला वसुधा."

मी दोन्ही उत्तरं समोरासमोर ठेवून पाहिली. ती एकमेकांना कुठंच लागेनात.

मग ते प्रकरण झालं. कटरे भाऊ रागाच्या भरात ढाब्यावर कुणाशी तरी बोलले होते, मॅडमनं माही अस्वल फिरवली. एवढंच. ऐकणाऱ्यानं अर्धं ऐकलं, पुढच्यानं त्याच्यात भर घातली. दवाखान्यात विचारलेले ते म्हशीचे प्रश्न लोकांना आठवायला लागले. बाई एकटी राहते, रविवारी दार लावून काही मांडते, कोंड्याचं रिंगण करते. त्याच सुमारास सदारामच्या बैलानं त्याला उचलून फेकलं. दोनच दिवस आधी मॅडमनी त्या बैलाच्या खुराला औषध लावलं होतं. झालं. बाई जनावरं फिरवते, मालकावर उलटवते, हे गावोगाव पसरलं. दवाखान्यासमोरची गर्दी आटली. आमच्या भागात असल्या बोलण्यातून एकट्या बाईचं काय होऊ शकतं, हे सगळ्यांना माहीत आहे. मी मॅडमना म्हणालो, काही दिवस खेळ बंद ठेवू. त्या म्हणाल्या, "म्हणजे त्यांना वाटेल, खरंच होतं."

त्या रविवारी आम्ही दोघंच खेळाडू होतो. दार उघडंच ठेवलं होतं. तेवढ्यात बाहेर माणसांचा आवाज आला. सगळ्यात पुढं कटरे भाऊ, त्यांचा श्वास चढलेला. ते आत आले आणि खाली मान घालून म्हणाले, "मॅडम, मी फक्त अस्वलाचं बोललो होतो. हे लोक बैलाचं म्हनून राहिले."

त्यांच्यामागं सदाराम. छातीला पट्टा, हातात काठी. ती टेकायला होती की कशाला, मला कळलं नाही. त्याच्यामागं आणखी काही माणसं. त्यांच्या नजरेनं मी आमच्या नकाशाकडे पाहिलं. कोंड्याचं रिंगण, मधे लाल-काळी झाकणं, बाजूला आकडे कोरलेला हिरवा खडा. मीही घाबरलो असतो. अग्रवालजी भिंतीला टेकून बसले होते.

"बाई," सदाराम म्हणाला, "माह्या बैलाले काय केलं तुमी?"

"खुराला औषध लावलं. बसा."

"बसाले नाई आलो. हे काय मांडलं हाये?"

"खेळ आहे. या दोघांची जनावरं आहेत यात, खोटी. ती मला यांच्यावर उलटवायची आहेत. तुम्हाला वाटतं मला येतं ते. मला काही येत नाही, मी गोष्ट सांगते. तुम्ही सांगा ना, जनावर कसं उलटवायचं?"

सदारामनं मागं वळून पाहिलं.

"खोट्या जनावराले?"

"हो."

"कोनतं जनावर?"

"मुंगूस आहे, धनेश आहे. एक अस्वल होतं, ते गेलं."

"त्याहीचं मले मालूम नाई."

इतका वेळ दारात उभे असलेले कटरे भाऊ पुढं आले. त्यांनी एक पिवळं झाकण उचललं, नकाशावर ठेवलं आणि खाली बसले. "हा माहा बैल," ते म्हणाले. "अस्वलाच्या बदली. फिरव आता, सदाराम."

सदाराम काठी धरून हळूहळू खाली बसला. खूप वेळ त्या झाकणाकडे बघत राहिला. मॅडम उकिडव्या बसल्या होत्या, अर्धी पाठ करून, खिडकीबाहेर बघत.

"बैलाले फिरवाले मंतर कायले लागते," सदाराम अखेर म्हणाला. "घासून मान फुटली असंन अन् तिच्यावरच जू ठेवलं का झालं. कवा ना कवा तो..."

त्याचा हात छातीच्या पट्ट्यावर गेला.

मागून कुणीतरी म्हणालं, "तुह्या बैलाची फुटली हाये ना मान."

मग सदाराम कुणाकडेही न बघता म्हणाला, "धान रोवण्याचे दिवस होते. दुसरा बैल कुठून आनू?"

मला वाटलं आता मॅडम त्याला फाडून खाणार. एरवी खाल्लं असतं. पण त्या वळल्या आणि खरोखरच विचारात पडल्यासारख्या म्हणाल्या, "हे मला सुचलं नव्हतं. मध सुचला, आईचं सुचलं. हे नाही." आणि कटरे भाऊंना विचारलं, "तुमचा बैल अंगावर येतोय. काय करता?"

"जू उतरवतो," कटरे भाऊ म्हणाले.

"झालं. उतरलं."

ती माणसं चहा पिऊन गेली. जाताना एकानं विचारलं, मुंगूस काय खाते. मी अंडी म्हणालो. दुसऱ्या दिवशी सदाराम बैलाला मानेच्या औषधासाठी घेऊन आला. तो मॅडमशी बोलला नाही, मॅडमही त्याच्याशी बोलल्या नाहीत. दोघं मिळून बैलाची जखम धूत होते. फोनच्या तारा तपासायच्या निमित्तानं मी तिथंच घुटमळत होतो.

नंतर मी विचारलं, "खुराला औषध लावलं तेव्हा ती मान तुम्हाला दिसली असेल ना?"

"दिसली होती."

"मग सदारामला सांगितलं नाही?"

मॅडम हात धूत होत्या, तशाच थांबल्या. "सांगितलं होतं असं वाटते. पण तोंडानं बोलले की मनातच म्हटलं, ते काही केल्या आठवून नाही राहिलं."

नळ चालूच राहिला होता. तो मीच बंद केला.

लोकांचं बोलणं एकदम थांबलं नाही. काही लोक पुढेही गुरं लांबच्या दवाखान्यात न्यायचे. काही उलट मुद्दाम यायचे. एक जण शेजाऱ्याचा कुत्रा फिरवून द्या म्हणून कोंबडी घेऊन आला होता. मॅडमनी त्याला असं काही सुनावलं की तो कोंबडी तिथंच टाकून पळाला, आणि ती त्यांच्या क्वार्टरच्या आवारात म्हातारी होऊन मेली. कटरे भाऊ पुन्हा यायला लागले, बैल घेऊन. कारीबद्दल त्यांनी मॅडमना बरेचदा विचारलं. ती कुठं आहे, काय खाते? मॅडम म्हणायच्या, जंगलात आहे, बरी आहे. ती परत कधी आली नाही, आणि कटरे भाऊंनीही तिला परत आणायचा डाव टाकला नाही.

मग मॅडमची बदली अर्जुनी मोरगावला झाली. निरोपाच्या दिवशी त्यांनी फासा आम्हाला दिला नाही. आमच्यापैकी गोष्ट चालवणारं कोणी नव्हतं, हे त्यांना माहीत होतं. आम्ही एकदा त्यांच्याशिवाय बसून पाहिलं. तिघंही जनावरांना खायला घालत राहिलो आणि पुढं काय करायचं ते कुणालाच कळेना.

त्यानंतर त्या मला एकदाच भेटल्या, काही वर्षांनी, अर्जुनी मोरगावच्या स्टेशनवर. मी गोंदियाच्या गाडीची वाट बघत होतो, त्या उलट दिशेला निघाल्या होत्या. केस पांढरे झालेले, पिशवीत डबा. म्हणाल्या, आता भाच्यांना आणि त्यांच्या मैत्रिणींना खेळवते. मी म्हणालो, त्यांचीही जनावरं पळवत असाल.

त्या हसल्या नाहीत.

"एक पोरगी आहे, बोरकर. तिची शेळी आहे. मी चांगला खलनायक केला होता, आतापर्यंतचा सगळ्यात चांगला. त्यानं शेळीला चारा दाखवला. पोरीनं तिला उपाशी ठेवलं होतं, त्याची आठवण करून दिली. दोर सोडला. ही पोरगी तुला विकणार आहे, तेही सांगितलं, आणि ते खरं होतं, पोरगी तसं बोलली होती. मी शेळीच्या जागी बसून विचार केला. जायलाच पाहिजे होतं तिनं."

"मग?"

"नाही गेली."

"फासा तसा पडला असेल."

"मी पोरींना तेच सांगितलं. पण फासा मी टाकलाच नव्हता." त्या माझ्याकडे बघत होत्या, जणू मला ठाऊक असावं. "मीच म्हटलं, नाही गेली. तोंडातून निघून गेलं. काऊन नाही गेली असेल ती?"

'का'ऐवजी 'काऊन' त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. तेवढ्यात त्यांची गाडी लागली. माणसांची धावपळ झाली, त्या चढल्या, खिडकीशी जागा मिळाली. मी हात केला. त्यांनी पाहिलं नाही. गाडी हलली तेव्हा त्या मान खाली घालून बोटांवर काहीतरी जुळवत होत्या. चारा, उपास, दोर असंच काहीतरी असावं. करंगळीपर्यंत आल्या, थांबल्या, आणि परत अंगठ्यापासून सुरू केलं.